‘पीएफ’चे साहेब बदलले, पेन्शन किती बदलली?

बडोद्याच्या कारखान्यात आयुष्य काढून नंदुरबार, धुळे किंवा जळगावला परतलेल्या पेन्शनरांचे एक मोठे काम जानेवारी २०२५ पासून हलके झाले आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने म्हणजे ईपीएफओने देशभरात केंद्रीकृत पेन्शन वितरण पद्धत लागू केली. त्यामुळे आता कोणत्याही राज्यातल्या, कोणत्याही बँकेच्या, कोणत्याही शाखेत पेन्शन जमा होऊ शकते. पूर्वी प्रत्येक प्रादेशिक कार्यालयाचा तीन-चार बँकांशीच करार असे. बडोद्यात निवृत्त झालेला माणूस गावी आला की त्याचा पेन्शन आदेश, ज्याला सगळे ‘पीपीओ’ म्हणतात, तो गुजरातच्या कार्यालयातून महाराष्ट्राच्या कार्यालयात वर्ग करून घ्यावा लागे. त्यासाठीचे हेलपाटे सीमाभागातल्या लोकांना वेगळे सांगायला नकोत.

ही सोय झाली, चांगलेच झाले. पण खात्यात पडणारा आकडा? तो होता तेवढाच आहे. म्हणूनच बडोद्यापासून बेळगावपर्यंतच्या पेन्शनर मंडळींच्या तोंडी एकच प्रश्न ऐकू येतो. दिल्लीतले पीएफचे साहेब दोन-तीन वर्षांनी बदलतात, नवे साहेब नवी योजना जाहीर करतात, मग पेन्शन का वाढत नाही? या प्रश्नाचे उत्तर एका माणसात नाही. ते त्या खुर्चीला किती अधिकार आहेत, यात आहे.

खुर्ची कोणाची, हुकूम कोणाचा?

ईपीएफओच्या प्रमुखाला केंद्रीय भविष्य निधी आयुक्त म्हणतात. १९५२ च्या कायद्यानुसार त्यांची नेमणूक केंद्र सरकार करते. ते संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतात, पण केंद्रीय विश्वस्त मंडळाच्या देखरेखीखाली काम करतात. या मंडळाचे अध्यक्ष असतात केंद्रीय कामगार मंत्री. मंडळावर केंद्र आणि राज्य सरकारे, मालक आणि कामगार संघटना या सगळ्यांचे प्रतिनिधी बसतात. मंडळ शिफारस करते, सरकार अधिसूचना काढते. व्याजदर मंडळाने सुचवला तरी अर्थ मंत्रालयाने होकार दिल्याशिवाय तो खात्यात पडत नाही.

सध्या या पदावर रमेश कृष्णमूर्ती आहेत. त्यांच्या आधीच्या चार नावांवर नजर टाकली तरी या खुर्चीचा स्वभाव लक्षात येतो. के. के. जालान हरियाणा केडरचे आयएएस, पुढे केंद्रात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग खात्याचे सचिव झाले. व्ही. पी. जॉय केरळ केडरचे, नंतर त्याच राज्याचे मुख्य सचिव झाले. सुनील बर्थवाल बिहार केडरचे, पीएफमधून केंद्रीय कामगार सचिव आणि मग वाणिज्य सचिव झाले. नीलम शमी राव मध्य प्रदेश केडरच्या, पुढे वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या सचिव झाल्या.

म्हणजे या चौघांसाठी पीएफ हा कारकिर्दीतला एक मुक्काम होता. यात त्यांचा दोष नाही, आयएएसची व्यवस्थाच तशी आहे. ज्यांनी अख्खी नोकरी पीएफ खात्यात काढली, ते संघटनेचे स्वतःचे अधिकारी साधारणतः अतिरिक्त आयुक्तपदापर्यंत जातात. वरची खुर्ची बाहेरून येणाऱ्याची. बडोद्याचा पेन्शनर मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी या व्यवस्थेच्या दारात येतो आणि वीस-पंचवीस वर्षे तिथेच उभा राहतो. तेवढ्या काळात सात-आठ आयुक्त येऊन जातात.

बडोद्याला सरकार बदलण्याची सवय आहे

पेन्शन देणारा बदलणे ही गोष्ट बडोद्याच्या मराठी माणसाला तशी नवी नाही. गायकवाडांच्या राज्यात मराठी घराणी कारकुनी, महसूल, शिक्षण, न्याय अशा खात्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोकरीला होती. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, बडोदे गुजरातमध्ये गेले. एका घराने न हलता तीन सरकारे पाहिली. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात जुन्या नोकरदारांच्या पेन्शनचा भार दोन राज्यांनी कसा वाटून घ्यायचा, याची तरतूद करावी लागली होती.

पुढची पिढी कारखान्यात गेली. अलेम्बिक १९०७ पासूनच होती. साठच्या दशकात खत कारखाना आला, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल उभी राहिली. खानदेशातून आणि कोकणातून माणसे आली, त्यांनी इथेच संसार थाटले. काही निवृत्तीनंतर गावी गेली, काही इथेच राहिली. या पिढीची पेन्शन संस्थानाच्या खजिन्यातून नव्हे, तर १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेतून येते. हीच ती ‘ईपीएस-९५’.

दहा वर्षांचा हिशेब

आता गेल्या दहा-अकरा वर्षांतल्या मोठ्या घटना एकेक करून पाहू. कोणती अधिकाऱ्यांनी घडवली आणि कोणती दुसऱ्याच कोणी, ते वेगळे काढले की चित्र स्पष्ट होते.

१ सप्टेंबर २०१४ पासून तीन गोष्टी झाल्या. किमान पेन्शन १,००० रुपये झाली. पीएफसाठीची पगाराची कमाल मर्यादा ६,५०० वरून १५,००० रुपये झाली. आणि पेन्शनसाठीचा सरासरी पगार शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांवर काढायचे ठरले. यातली तिसरी गोष्ट कामगाराच्या तोट्याची होती, कारण पाच वर्षांची सरासरी शेवटच्या वर्षापेक्षा कमीच भरते. हे तिन्ही निर्णय केंद्र सरकारचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, जालान यांच्या काळात, यूएएन नंबर आला. कंपनी बदलली तरी नंबर तोच राहील, ही कल्पना मात्र कार्यालयीन कामकाजातली. आज अंकलेश्वरची नोकरी सोडून तळोजाला गेलेला कामगार मोबाइलवर आपला पीएफ एकत्र करू शकतो, त्याचा पाया इथे आहे.

२०१६ साल वेगळे होते. विश्वस्त मंडळाने २०१५-१६ साठी ८.८ टक्के व्याज सुचवले. अर्थ मंत्रालयाने ८.७ टक्केच मान्य केले. कामगार संघटनांनी ओरड केली आणि एप्रिलअखेर सरकारला ८.८ वर परत यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये बंगळुरूच्या कपडा कारखान्यांतल्या कामगार, त्यातही बहुसंख्य बायका, रस्त्यावर उतरल्या. मालकाच्या हिश्श्याचा पीएफ अठ्ठावन्न वर्षे होईपर्यंत काढता येणार नाही, अशी अधिसूचना निघाली होती. १९ एप्रिलला सरकारने ती मागे घेतली. या दोन्ही प्रसंगांत आयुक्त जॉय होते, पण निर्णय ना त्यांनी घेतले ना त्यांनी फिरवले. एकदा मंत्रालयाने घेतले आणि दोन्ही वेळा लोकांनी फिरवले.

मग अधिकाऱ्याच्या हातात काहीच नसते का? तसेही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये आर. सी. गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष पगारावर वाढीव पेन्शनचा मार्ग मोकळा केला. मार्च २०१७ मध्ये ईपीएफओने तसे पत्रक काढले. पण ३१ मे २०१७ च्या दुसऱ्या पत्राने, ज्या कंपन्या स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवतात त्यांच्या कामगारांना बाहेर ठेवले. स्वतःचा ट्रस्ट असतो तो बहुधा मोठ्या उद्योगांचा, सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांचा. त्यामुळे बडोद्यासारख्या औद्योगिक शहराला या पत्राची झळ बसणे साहजिक होते. संसदेत चर्चा नाही, अधिसूचना नाही. एका पत्राने माणूस रांगेतून बाहेर. खुर्चीची खरी ताकद दिसते ती अशा ठिकाणी.

पुढे ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. २०१४ च्या दुरुस्त्या बहुतांशी कायम राहिल्या, म्हणजे ६० महिन्यांची सरासरीही राहिली. पण १ सप्टेंबर २०१४ रोजी नोकरीत असलेल्यांना वाढीव पेन्शनचा पर्याय देण्यासाठी चार महिने मिळाले, आणि स्वतःचा ट्रस्ट असलेल्या कंपन्यांच्या कामगारांनाही तोच न्याय लागू झाला. मे २०१७ च्या पत्राने जे दार बंद केले होते, ते पाच वर्षांनी न्यायालयाने उघडले. २०१४ आधी पर्याय न देता निवृत्त झालेले मात्र बाहेरच राहिले.

निकालाची अंमलबजावणी नीलम शमी राव यांच्या काळात आली. अर्जाची मुदत तीनदा वाढून ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. साडेसतरा लाखांच्या आसपास अर्ज आले. मालकांनी पगाराचा तपशील भरण्याची मुदत तर वाढत वाढत जानेवारी २०२५ अखेरपर्यंत पोहोचली. ज्याची कंपनी विकली गेली, दुसरीत मिसळली किंवा बंदच पडली, त्याने वीस वर्षांपूर्वीच्या पगाराचे कागद आणायचे कुठून? मुदत वाढवणे कार्यालयाच्या हातात होते, ते झाले. जुना कागद शोधून देणे कोणाच्याच हातात नव्हते.

मध्ये कोविड येऊन गेला. मार्च २०२० मध्ये, बर्थवाल आयुक्त असताना, खात्यातली ७५ टक्के शिल्लक किंवा तीन महिन्यांचा पगार यांपैकी जे कमी ते परत न करण्याच्या अटीवर काढायची मुभा मिळाली. परवानगी सरकारने दिली, पण टाळेबंदीत पैसे खात्यात पोहोचवायचे काम संघटनेच्या यंत्रणेचे होते.

आणि शेवटी कृष्णमूर्तींच्या काळातली केंद्रीकृत पद्धत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाल, जम्मू आणि श्रीनगर इथे चाचणी झाली, नोव्हेंबरमध्ये २४ प्रादेशिक कार्यालयांत, आणि डिसेंबरच्या पेन्शनपासून सर्व १२२ कार्यालयांत.

किती आणि कुठे

हा सगळा हिशेब मांडला की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. पेन्शन कुठे मिळेल, कधी मिळेल, किती खेट्यांत मिळेल, हे आयुक्ताच्या हातात बऱ्यापैकी असते. पेन्शन किती मिळेल, हे जवळपास नसते.

‘किती’ हे एका साध्या सूत्राने ठरते. सरासरी पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पगार प्रत्यक्षात चाळीस हजार असला तरी, वाढीव पेन्शनचा पर्याय नसेल तर, १५,००० च धरला जातो. म्हणजे या मर्यादेवर दहा वर्षे नोकरी केलेल्याला साधारण २,१४३ रुपये, आणि पस्तीस वर्षे केलेल्याला ७,५०० रुपये. अठ्ठावन्नच्या आधी पेन्शन सुरू केली तर दर वर्षामागे ४ टक्के कपात. २०१४ आधी निवृत्त झालेल्यांसाठी तर पगाराची मर्यादाच ६,५०० होती, त्याआधी ५,०००. शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. २०१५ मध्ये ठरलेली रक्कम २०२५ मध्येही तीच.

डिसेंबर २०२४ च्या पेन्शनपोटी नव्या पद्धतीतून ६८ लाखांहून अधिक पेन्शनरांना सुमारे १,५७० कोटी रुपये गेले. भागाकार केला तर माणशी महिन्याला ढोबळमानाने २,३०० रुपये पडतात. बडोद्यात असो की नंदुरबारात, रक्तदाब-मधुमेहाच्या औषधांचा आणि विजेचा खर्च वजा केल्यावर यात काय उरते, हे घरोघरी माहीत आहे.

२०१३ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० रुपये करावी, असे सुचवले होते. हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि पायउतारही झाले. किमान पेन्शन १,००० वरच आहे. बुलढाण्यातून कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली चाललेले पेन्शनरांचे आंदोलन ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागते आहे. योजनेत केंद्र सरकार पगाराच्या १.१६ टक्के घालते, मालकाच्या हिश्श्यातून ८.३३ टक्के येतात. आकडा वाढवायचा तर यांपैकी कोणीतरी जास्त घालायला हवे किंवा अर्थसंकल्पातून तरतूद व्हायला हवी. ही सही आयुक्ताच्या पेनातून होत नाही. ती कामगार मंत्री, अर्थ मंत्रालय आणि मंत्रिमंडळ यांच्याकडे आहे. सध्याचे कामगार मंत्री आणि मंडळाचे अध्यक्ष मनसुख मांडविया गुजरातचेच खासदार आहेत, हे बडोदेकरांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरी खुर्ची

सरकारी नोकरांच्या घरात गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे राष्ट्रीय पेन्शन योजना म्हणजे एनपीएस चालते आणि तिच्यावर पीएफआरडीए या नियामकाची देखरेख असते. २०१३ च्या कायद्यानुसार त्याच्या अध्यक्षांना पाच वर्षांची मुदत आहे, वयाची अट ६५. जून २०२५ पासून एस. रामन तिथे आहेत. लेखापरीक्षण सेवेतले अधिकारी. मधल्या काळात सेबीत होते, पुढे सिडबीचे प्रमुख झाले. म्हणजे पैशाची आणि बाजाराची नजर असलेला माणूस, आणि हातात ठरलेला काळ.

पण इथेही ‘किती’चा प्रश्न खुर्चीच्या वरचाच. नवी योजना कोणत्या तारखेपासून, हे प्रत्येक राज्याने ठरवले. मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५, गुजरातमध्ये १ एप्रिल २००५, गोव्यात ५ ऑगस्ट २००५, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५, कर्नाटकात १ एप्रिल २००६. समजा जून २००५ मध्ये एक भाऊ बडोद्यात सरकारी शिक्षक झाला आणि दुसरा नंदुरबारात. पहिला नव्या योजनेत, दुसरा जुन्या. सीमा ओलांडली की म्हातारपण बदलले. हा फरक कोणत्याही नियामकाने केलेला नाही आणि तो मिटवणेही त्याच्या हातात नाही.

मग जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न चुकीच्या दारात नेला की वर्षे वाया जातात. पेन्शन आली नाही, जन्मतारीख चुकली, पीपीओत नाव वेगळे पडले, वाढीव पेन्शनचा अर्ज अडकला, तर ते काम प्रादेशिक आयुक्तांचे. बडोद्यातल्या प्रकरणाचे उत्तर बडोद्याच्या कार्यालयानेच द्यायला हवे. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ हा कार्यक्रम होतो, तिथे तक्रार समोरासमोर मांडता येते. ऑनलाइन तक्रार केली तर तिचा नंबर जपून ठेवावा. हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून एक वर्ष चालतो. त्यासाठी नोव्हेंबरच्या रांगेत उभे राहायची गरज नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ईपीएफओने इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेशी करार करून हा दाखला पोस्टमनमार्फत घरबसल्या, तोही फुकट, देण्याचे ठरवले आहे. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय खरोखर उपयोगाची ठरू शकते.

पत्रकाने हक्क काढून घेतला असेल, तर मात्र जाब दिल्लीच्या आयुक्तालयाला विचारायचा. आणि किमान पेन्शन, पगाराची मर्यादा, महागाई भत्ता हे प्रश्न खासदारांना, मंत्र्यांना. बंगळुरूच्या कामगार बायकांनी पीएफ कार्यालयाच्या खिडकीवर अर्ज देऊन ती अधिसूचना मागे घ्यायला लावली नव्हती.

आयुक्त नवे आले की पेन्शनर संघटना पुष्पगुच्छ घेऊन जातात, निवेदन देतात, फोटो निघतो. ते करायला हरकत नाही. पण त्या निवेदनात किमान पेन्शनची मागणी पहिल्या क्रमांकावर लिहून फारसे काही साधत नाही. तिथे विचारायला हवे ते वेगळे आहे. वाढीव पेन्शनचे किती अर्ज अजून पडून आहेत? कंपनी बंद झालेल्या कामगाराच्या पगाराचा पुरावा म्हणून कार्यालय काय ग्राह्य धरणार? राज्याबाहेर गेलेल्या पेन्शनरची तक्रार किती दिवसांत निकाली निघणार? या प्रश्नांची उत्तरे देणे त्या खुर्चीला शक्य आहे, आणि म्हणूनच ती टाळता येत नाहीत.